अधिकृत सेवा केंद्रातील दुरुस्तीनंतर स्टीरिओ संच धोकादायक झाल्याबाबत तक्रार

अमळनेर, जि. जळगाव
दि. १६ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : सीडी प्लेअरसह असलेल्या घरगुती स्टीरिओ संचाची आपल्या जळगाव येथील अधिकृत सेवा केंद्राने केलेली असुरक्षित दुरुस्ती.

महोदय,

आपल्या कंपनीचा, वरून झाकण उघडून सीडी ठेवण्याचा स्टीरिओ संच माझ्या घरी बऱ्याच वर्षांपासून आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यातील सीडी प्लेअर तबकडी वाचेनासा झाला, म्हणून गेल्या महिन्यात मी तो आपल्या जळगाव येथील अधिकृत सेवा केंद्रात दिला आणि मागितलेली रक्कम पूर्ण भरून परत आणला. सीडी आता वाजते, आवाजही स्वच्छ येतो, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझी तक्रार अशी आहे की दुरुस्तीला नेताना जो संच बिघडलेला पण निर्धोक होता, तो परत येताना वाजणारा पण हात लावायला भीती वाटावी असा होऊन आला आहे. हे पत्र तांत्रिक बाबी समजणाऱ्या अधिकाऱ्याने शेवटपर्यंत वाचावे, अशी विनंती आहे.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. खाली जे लिहीत आहे ते मापून, पाहून आणि छायाचित्रे काढून लिहीत आहे.

संच घरी आणून लावला त्याच संध्याकाळी माझ्या पत्नीने मागच्या धातूच्या पट्टीला हात लावला आणि तिच्या बोटांना झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर दिवा लागला. केवळ टेस्टरचा दिवा लागला म्हणून मी कोणावर आरोप करणार नाही, कारण अशा संचात विजेची अगदी सूक्ष्म गळती असतेच आणि तेवढ्यानेही निऑन मंद पेटतो. म्हणून मी रीतसर मापन केले. उघडी धातूची पट्टी आणि भिंतीवरील सॉकेटचे अर्थिंग यांच्यामध्ये १५०० ओहमचा रोध व त्याला समांतर ०.१५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडून त्यावरचा एसी दाब मापायचा, आणि तो ०.७५ व्होल्टपेक्षा जास्त येता कामा नये, म्हणजेच गळतीचा प्रवाह ०.५ मिलिअँपिअरच्या आत असला पाहिजे, ही दुरुस्तीनंतरची तपासणी या क्षेत्रातील अनेक उत्पादकांच्या सेवा पुस्तिकांत छापलेली असते आणि आम्ही ती मुलांकडून करून घेत असू. आपल्या केंद्रातून आलेल्या संचावर, दोन पिनांचा प्लग एका बाजूने लावल्यावर, मला ५ व्होल्टच्या आसपास दाब मिळाला. म्हणजे गळती सुमारे ३.३ मिलिअँपिअर, मर्यादेच्या सहापटीहून अधिक. प्लग उलटा लावला की काटा जवळजवळ शून्यावर येतो. सेवा केंद्रात कदाचित त्याच बाजूने लावून पाहिला असेल, किंवा पाहिलाच नसेल. मापन दोन्ही बाजूंनी करायचे असते ते याचसाठी.

त्यानंतर मी प्लग काढून, आतील वीज साठवणारा मोठा कंडेन्सर रोधातून रिकामा करून संच उघडला. हमीची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे सील तोडल्याचा मुद्दा येथे उपस्थित होत नाही. गळतीचे कारण समोरच दिसले. मुख्य वीजपुरवठ्याची बाजू आणि धातूचा सांगाडा यांच्यामध्ये निळ्या चकतीसारखा जो सुरक्षा कंडेन्सर असायला हवा, तो काढून त्या जागी ४७३ असा आकडा छापलेला एक साधा प्लास्टिक फिल्मचा कंडेन्सर बसवला आहे. ४७३ म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला यातून जेवढा प्रवाह जाईल असे गणित सांगते, जवळपास तेवढीच गळती माझ्या मीटरने दाखवली. मूळ जागी जो कंडेन्सर येतो तो साधारण यापेक्षा वीसपट लहान क्षमतेचा असतो. पण क्षमतेपेक्षा गंभीर गोष्ट त्याच्या जातीची आहे. सुरक्षा कंडेन्सर अशा पद्धतीने घडवलेला आणि तपासलेला असतो की तो निकामी झाला तरी शक्यतो उघडा पडतो, म्हणजे वीज पुढे जाऊ देत नाही; आतून जुळत नाही, म्हणजे शॉर्ट होत नाही. साधा कंडेन्सर विजेच्या झटक्याने आतून जुळला, तर फेज थेट सांगाड्यावर, स्पीकरच्या जोडण्यांवर आणि हेडफोनच्या छिद्रावर येतो. या संचाच्या मागे चौकोनात चौकोन अशी दुहेरी इन्सुलेशनची खूण छापली आहे आणि त्याच्या वायरीत अर्थिंगची तार नाही. म्हणजे माणूस आणि फेज यांच्यामध्ये फक्त आतील इन्सुलेशन आणि तो एक लहानसा भाग एवढेच आहे.

आपल्या मुख्य कार्यालयात बसून हे किती जवळचे आहे ते कदाचित जाणवणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांच्या पुढे जातो आणि जवळजवळ प्रत्येक घरात लोखंडी पत्र्याचा पाण्याचा कूलर चालू असतो. संध्याकाळी फरशी पुसून ओली ठेवण्याची घराघरांत पद्धत आहे आणि माणसे घरात अनवाणी वावरतात. एक हात अर्थिंग असलेल्या ओल्या कूलरवर आणि दुसरा संचाच्या पट्टीवर, हे कोणत्याही घरात सहज घडू शकते. शिवाय शेतीपंपांचा भार वाढला-उतरला की दाब खाली-वर होतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडली की वायरींतून झटके येतात. साध्या कंडेन्सरच्या भरवशावर ठेवता येईल अशी ही परिस्थिती नाही.

फ्यूजची अवस्था त्याहून वाईट आहे. फ्यूजशेजारी सर्किटच्या पाटीवर टी २ ए, २५० व्होल्ट असे स्पष्ट छापले आहे, म्हणजे २ अँपिअरचा, चालू करतानाचा क्षणिक जोर सहन करून उशिरा वितळणारा फ्यूज. तेथे काचेची नळी आहे, पण तिच्या दोन्ही टोप्यांना बाहेरून तांब्याच्या बारीक तारा पिळून सोल्डर केल्या आहेत. मी एक तार सोडवून मायक्रोमीटरने मापली, ती ०.२ मिलिमीटरची आहे. अशी एकटी तार वितळायलाच सुमारे ७ अँपिअर लागतात आणि येथे त्या दोन एकत्र पिळल्या आहेत. आत काही जुळले तर फ्यूजच्या आधी ट्रान्सफॉर्मर आणि पाटी जळेल. जळण्याची सुरुवात कधी कधी रात्री सगळे झोपलेले असताना होते, हे मी वर्गात सांगत आलो आहे. आपल्या अधिकृत केंद्रात अस्सल फ्यूज नसेल, तर त्यांनी संच ठेवून घेऊन मला थांबायला सांगायचे होते. मी थांबलो असतो.

मुख्य कंडेन्सरच्या टोकांपाशी सोल्डरवर काळे खड्डे पडले आहेत. तो ३२५ व्होल्टला भरलेला असताना कोणीतरी पेचकस टेकवून रिकामा केला, याची ती खूण आहे. यात माझे नुकसान थोडे आहे. त्या कारागिराच्या हाताचे आणि डोळ्यांचे किती झाले असते, याचा विचार आपण करावा.

आता सीडीच्या भागाविषयी. झाकण उघडले की लेझर बंद व्हावा यासाठी झाकणाच्या कडेला एक लहान स्विच असतो. तो स्विच काळ्या चिकटपट्टीने कायमचा दाबून ठेवला आहे. दुरुस्ती करताना तबकडी फिरते की नाही ते पाहायला कारागीर असे करतात, हे मला ठाऊक आहे, पण काम झाल्यावर ती पट्टी काढायची असते. ती तशीच राहिल्यामुळे आता झाकण उघडे असताना बटण दाबले, तर लेन्समधून लेझर चालू होतो. आपल्या संचाच्या मागे वर्ग १ लेझर उत्पादन, म्हणजे नेहमीच्या वापरात डोळ्यांना निर्धोक, असे लेबल आहे. ते लेबल झाकण मिटलेले असताना आणि तो स्विच शाबूत असतानाच खरे असते. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा अवरक्त असतो, डोळ्यांना तो जवळपास दिसतच नाही, त्यामुळे प्रखर उजेडात पापणी आपोआप मिटते तशी ती येथे मिटत नाही. डोळ्याचे भिंग मात्र तो किरण नेत्रपटलावर एका बिंदूत आणून सोडते. म्हणूनच उघड्या संचावर काम करताना लेन्सपासून डोळे निदान ३० सेंटिमीटर दूर ठेवावेत, अशी सूचना सेवा पुस्तिकांत छापलेली असते. माझी सात वर्षांची नात सीडी ठेवताना आत वाकून पाहते. मुले नेमके असेच पाहतात.

लेझर आणि लेन्स असलेल्या हेडवर लेझरची ताकद ठरवणारा, फिरवून जुळवायचा एक बारीक रोध म्हणजे प्रीसेट असतो आणि तो हलू नये म्हणून कारखान्यातच त्यावर रंगाचा थेंब टाकलेला असतो. माझ्या संचातील तो थेंब तुटला आहे आणि प्रीसेट फिरवलेला आहे. लेन्स नीट पुसण्याऐवजी लेझरचा जोर वाढवून तबकडी वाचायला लावली, असाच याचा अर्थ होतो. लेन्सच्या कडेला कापसाचा एक धागा अजून चिकटलेला आहे, म्हणजे पुसण्याचा प्रयत्न झाला, पण अर्धवट. खान्देशातील धूळ आणि कपाशीचा तंतू लेन्सवर बसतो, हे येथे काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. आधी हलक्या फुंकणीने धूळ उडवायची, मग अगदी थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने लेन्स पुसायची, मग मोटर आणि सरकपट्टीचे ग्रीस पाहायचे, ऑसिलोस्कोपवर संकेताचा आकार तपासायचा आणि त्यानंतरही गरज वाटली तरच उत्पादकाने दिलेल्या प्रवाहाशी ताडून प्रीसेटला हात लावायचा, हा क्रम आहे. जोर वाढवलेला जुना लेझर काही महिने वाजतो आणि मग कायमचा जातो. माझ्याकडे कानबाई या खान्देशातील देवीच्या उत्सवाच्या रात्री माझ्या आईने आणि गल्लीतल्या बायकांनी म्हटलेली अहिराणी गाणी सीडीवर साठवलेली आहेत. ती बाजारात मिळत नाहीत. मी नवा संच न घेता हा दुरुस्त करायला दिला तो त्यासाठीच.

हे सर्व मी आपल्या सेवा केंद्रात जाऊन दाखवले. व्यवस्थापक म्हणाले, "काका, संच वाजतोय ना? मग झालं की." काम केलेल्या मुलाशी मी बाजूला बोललो. तो प्रामाणिक आहे आणि हातही चांगला आहे. त्याने सांगितले की या मॉडेलची सेवा पुस्तिका केंद्रात कधी आलेलीच नाही, मूळ भाग मागवले तर फार दिवस लागतात म्हणून बाजारातून जे मिळेल ते बसवायला सांगतात, आणि गळती मापायचे कोणी कधी शिकवलेले नाही. त्या मुलावर कारवाई व्हावी असे मला मुळीच वाटत नाही. ज्याच्या हाती सेवा पुस्तिका दिली नाही, ज्याला उद्गारचिन्हाच्या त्रिकोणाने खूण केलेले सुरक्षेचे भाग फक्त ठरलेल्या क्रमांकाचेच वापरायचे असतात हे सांगितले नाही, त्याच्याकडून दुसरे काय होणार? अधिकृत हा शब्द दाराबाहेर आपण लावला आहे. पारोळा, चोपडा, एरंडोल येथील लोक गल्लीतला कारागीर सोडून भाडे खर्चून तेथे जातात ते त्या शब्दावर विश्वास ठेवून.

तरी माझी मागणी अशी आहे. माझा संच आपल्या खर्चाने नेऊन त्यातील सुरक्षा कंडेन्सर व फ्यूज मूळ क्रमांकाचेच बसवावेत, झाकणाचा स्विच पूर्ववत करावा, लेझरची ताकद पुस्तिकेप्रमाणे जुळवावी आणि हेड त्या जोगे राहिले नसेल तर बदलून द्यावे. नवे हेड बसवताना स्थिर विजेपासून बचावाची काळजी घ्यावी, कारण आमच्याकडील कोरड्या हवेत ते हाताच्या स्पर्शानेही जाऊ शकते. संच परत देताना दोन्ही बाजूंनी मापलेल्या गळतीचा आकडा, तारीख आणि मापणाऱ्याची सही असलेला कागद द्यावा. याशिवाय, आणि हे मला स्वतःच्या संचाइतकेच महत्त्वाचे वाटते, त्या केंद्रातून अलीकडे दुरुस्त होऊन गेलेले संच परत बोलावून त्यांची गळती, फ्यूज आणि झाकणाचा स्विच विनामूल्य तपासावा. पावत्या त्यांच्याकडे आहेत, फोन क्रमांकही आहेत. केंद्राला सेवा पुस्तिका, गळती मापण्याचे साधन आणि एका जाणकाराचे काही दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. जागा मिळाली तर ते प्रशिक्षण मी स्वतः मोफत द्यायला तयार आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ही सेवेतील त्रुटी ठरते. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपल्याकडून लेखी उत्तर आले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जळगाव येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. मला तसे करावे लागू नये, अशी मनापासून इच्छा आहे.

संच सध्या प्लग काढून कपाटात ठेवला आहे. आपला माणूस येणार असेल तर आदल्या दिवशी फोन करून पाठवावा. काढलेली तार, कंडेन्सर आणि चिकटपट्टी मी त्याच्यासमोर पुन्हा दाखवीन आणि ती घेतल्याची पोच घेऊनच त्याच्या हाती देईन.

आपला विश्वासू,
एक ग्राहक
(नाव, पत्ता, मॉडेल व अनुक्रमांक सोबतच्या पावतीवर आहेत.)

सोबत : सेवा केंद्राच्या पावतीची प्रत, संचाच्या आतील भागाची छायाचित्रे, गळतीच्या मापनाची नोंद.