छेद कुठे गेला?

महोदय,

पावसाळ्यात आमच्याकडे हगवणीची साथ आली तेव्हा छपरीत बसून आशाताईंचं रजिस्टर पाहायला मिळालं. नाव, वय, घर, तारीख, पाणी कोणत्या बोरिंगचं, सगळं सुवाच्य अक्षरात. वरच्या कार्यालयात मात्र एकच गोष्ट गेली: ‘रुग्ण इतके’.

समजा 2400 वस्तीच्या गावात 12 रुग्ण आणि 400 वस्तीच्या टोल्यावर (पाड्यावर) 6. नुसत्या आकड्यात गाव पुढे. हजारी दर काढा: गावात 5, टोल्यावर 15! मग औषधाची पेटी आधी कुठे जायला हवी? हे गणित सातवीच्या पोरालाही येतं, पण छेद, म्हणजे खालची एकूण वस्ती, मांडायला कोणी सांगतच नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मोजणीतही असाच घोळ. जुनेच रुग्ण दर महिन्याला नवे म्हणून मोजले, तर आजार वाढलेलाच दिसणार.

1854 मध्ये लंडनला जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले आणि ते एका हातपंपापाशी पोचले. इतक्या लांब कशाला, आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावोगावचे जन्म-मृत्यू नीट मोजले, म्हणून तर घरच्या घरी काळजी घेऊन नवजात बाळांचा मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये जगाला दाखवता आलं.

आशाताईंच्या मासिक सभेत यासाठी तासभर द्यावा. शिकवायला माणूस नसेल तर मी येतो, खडूही माझाच.

— एक निवृत्त गणित शिक्षक, जि. गडचिरोली