पानगळ पावसाळ्यासाठी साठवा

संपादक महोदय,

खारघर, कामोठे, उलवे या सिडकोने आखलेल्या वसाहतींत ओल्या कचऱ्याचे खत आवारातच करणाऱ्या सोसायट्या आहेत. 2016 च्या घनकचरा नियमांनी मोठ्या संकुलांकडून तशी अपेक्षाही केली. पण हे काम बंद पडते ते बहुधा जुलैत. वास सुटतो, अळ्या जिन्यापर्यंत येतात, तळमजल्यावरचे रहिवासी तक्रार करतात आणि कमिटी खताचा हौद बुजवून टाकते. दोष कल्चरचा (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाचा) किंवा यंत्राचा नसतो, ओल्या कचऱ्यात मिसळायचा कोरडा पाला संपलेला असतो.

हिशेब सोपा आहे. शंभर घरांचा ओला कचरा दिवसाला साधारण 50 किलो. एक बादली कचऱ्याला एक बादली चुरलेला पाला, म्हणजे रोज जवळपास एक पोते पाला लागतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी सव्वाशे पोती आधीच भरून ठेवावी लागतात. पाला कमी पडला की कचरा दबून बसतो, आत हवा खेळत नाही आणि तो कुजण्याऐवजी सडतो. मूठभर मिश्रण दाबून पाहावे: एखाददुसरा थेंब आला तर ठीक, पाण्याची धार लागली तर लगेच पाला घालून ढीग खालीवर करावा. हौदाच्या भिंती जाळीच्या विटांच्या, तळाला उतार आणि पत्र्याचे छप्पर चारही बाजूंनी दोन फूट बाहेर आलेले हवे. मग दीड-दोन महिन्यांत चाळण्याजोगे खत मिळते.

पाला विकत आणायची गरज नाही. सेक्टरच्या रस्त्यांवरचे पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, बदाम उन्हाळ्याच्या तोंडाशी भरपूर पाने गाळतात. पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहराची बारीक पाने तशीच चालतात. बदामाची मात्र चुरावीच लागतात, नाहीतर एकावर एक चिकटून थर बसतात. दुर्दैवाने हाच पाला झाडून कडेला पेटवला जातो. उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे, आणि त्या धुराचा त्रास सर्वात आधी झाडणाऱ्या कामगारांना होतो.

एकेका सोसायटीला सव्वाशे पोती ठेवायला जागा नसते. पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीजवळ ती ठेवूही नयेत, आगीची भीती असते. म्हणून महापालिकेने (उलव्यात सिडकोने) प्रत्येक सेक्टरमध्ये उद्यानाच्या किंवा मोकळ्या भूखंडाच्या एका कोपऱ्यात छप्पर असलेली पाला-शेड द्यावी. पोती जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली विटा किंवा फळ्या घालाव्यात, शेजारी पाण्याचा नळ हवा आणि पाला चुरण्याचे एक यंत्र. पोती भरण्याचे, मोजून वाटण्याचे काम आसपासच्या सोसायट्या मिळून करू शकतात. बचत गटाला मोबदला देऊन सोपवले तर आणखी चांगले. पाने गोळा करायचे महिने मार्च-एप्रिल असल्याने जागा फेब्रुवारीपूर्वी ठरायला हवी.

– सोसायट्यांतील खत प्रकल्पांचे कार्यकर्ते, खारघर