बाबा, पट्टी तुम्हीच लावायची

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला गेलो की आईचा गळा दाटतो आणि बाबा "बरा, ठेव आता" म्हणतात. म्हणून लिहायला बसलो.

मेच्या अखेरीस इथे नौदल अकादमीत आमची पासिंग आउट परेड, म्हणजे प्रशिक्षण संपल्याचं संचलन, आहे. बाबा, १ जूनपासून मासेमारी बंद, त्याआधीचे चार दिवस तुम्ही होडी सोडून कुठे जात नाही, हे मला ठाऊक आहे. यंदा होडी वर ओढायचं, शाकारायचं काम काकांवर सोपवा. परेड झाली की सबलेफ्टनंटची सोनेरी पट्टी खांद्यावर आई-वडील लावतात. माझ्या खांद्यावर ती दुसऱ्या कुणाच्या हातची नको.

बारावीनंतरची ती रात्र मी विसरलेलो नाही. जेईईचा रँक आला होता, बेंगळुरूला एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या-मुलाखतींचे, पाच दिवस पार पडले होते, राहिली होती तुमची संमतीची सही. "माझ्या झिलान दर्यात जावचा नाय," म्हणत तुम्ही दोन दिवस कागदाला हात लावला नाहीत. तेव्हा मी म्हणालो, "जन्मभर जाळी ओढून तुम्हाला काय मिळालं?" तुम्ही काहीच बोलला नाहीत. पडवीत बसलात, जाळं विणायची सुई धरता तसं पेन धरलंत आणि एकेक अक्षर काढत सही केलीत. आईने तुमचं ताट झाकून ठेवलं होतं, सकाळी ते तसंच होतं. चार वर्षांत त्या वाक्याची माफी मागायचं धाडस झालं नाही. बाबा, आज मागतो.

इथे केरळात, एझिमलाच्या अकादमीत भरती-ओहोटी शिकवली. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तितकी पुढे सरकते, असं सरांनी फळ्यावर मांडलं. मी वहीच्या कडेला तुमचा हिशेब लिहिला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मालवणात तो मी आठव्या वर्षी तुमच्याकडून शिकलो होतो. आमच्या तुकडीत पूर्वी कधी समुद्र न पाहिलेली मुलं आहेत, त्यांना तो पाठ करून दिलाय.

४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीला नौदल दिन झाला, तेव्हा तुम्ही गर्दीतून फोन करून विचारलंत, "ह्यातली तुझी बोट खयची?" मी तेव्हा इथे अभ्यासात होतो, माझी कुठलीच नव्हती. पण दर्यात जायला नको म्हणणारे माझे बाबा दर्यात माझी बोट शोधत होते. त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

आई, गुडघ्यांची काळजी करू नकोस. कुडाळहून आपल्याच कोकण रेल्वेने खाली यायचं, मंगळुरूच्या पुढे पय्यन्नूरला उतरायचं. तिकिटं मी काढतो, तुला खालचा बर्थ. स्टेशनवर न्यायला कुणी ना कुणी असेल. येताना थोडी कुळथाची पिठी आण.

तुमचा,
बाळू