सही करण्यापूर्वी एकदा रात्री जाऊन ये

पुणे,
दि. १० ऑगस्ट २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि तिन्ही ऑफर लेटरच्या प्रती मिळाल्या. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयातले बाँडचे, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचे, वर्ष संपवून तू पुण्यात परतलास आणि पंधरवड्यात नगर रस्त्यावरचे मोठे रुग्णालय, चाकणचे नर्सिंग होम आणि पेठेतले ट्रस्टचे रुग्णालय अशा तीन ठिकाणांहून फिजिशियन म्हणून बोलावणे आले, याचा मला मनापासून आनंद झाला. "तू माझ्या जागी असतास तर काय केले असतेस?" असे तू मला विचारले आहेस. मी २०२२ मध्ये नेमका तुझ्याच जागी होतो आणि तेव्हा मी जे केले ते चुकले, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी नगर रस्त्यावरच्या मोठ्या रुग्णालयाचे पाहू, कारण घरी सर्वांचा कल तिकडेच आहे असे तू लिहिले आहेस. दरमहा अडीच लाखांची मिनिमम गॅरंटी हा आकडा मोठा आहे, यात शंका नाही. परंतु हा पगार नव्हे. ती व्यावसायिक फी आहे, तिच्यातून १० टक्के टीडीएस कापला जाईल, प्रॉव्हिडंट फंड नाही आणि भरपगारी रजाही नाही. शिवाय गॅरंटी पहिल्या बारा महिन्यांपुरतीच आहे. तेराव्या महिन्यापासून तुला ओपीडी फीचा ७० टक्के वाटा मिळणार, असे सहाव्या पानावर लिहिले आहे. तिथली फी ७०० रुपये धरली तर एका रुग्णामागे तुझ्या हाती ४९० रुपये येतात. नुसत्या ओपीडीवर अडीच लाख टिकवायचे तर महिन्याला सुमारे ५१० रुग्ण, म्हणजे सव्वीस दिवस रोज वीस रुग्ण तपासावे लागतील. जिथे आधीच तीन फिजिशियन आपापले रुग्ण बांधून बसले आहेत, तिथे एका वर्षात नव्या माणसाकडे रोज वीस जण येणे अवघड आहे. भरती रुग्णांच्या व्हिजिटचे पैसे यात धरलेले नाहीत हे खरे, पण तो वाटा बिल झालेल्या रकमेवर आहे की प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवर, याचा करारात उल्लेखच नाही. कॅशलेस विम्याची बिले महिनोन्महिने अडकतात आणि मंजूर होताना त्यांत कपात होते. ती कपात कोणाच्या वाट्यातून जाणार, हे लेखी विचारून घे.

माझी पहिली नोकरी अशाच करारावर होती. त्या रुग्णालयाचे नाव इथे नको, तुला ते ठाऊक आहेच. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्हां नव्या कन्सल्टंटना एका खोलीत बसवून पडद्यावर तक्ता दाखवला जाई, त्यात ओपीडीतल्या किती जणांना भरती केले याची टक्केवारी प्रत्येकाच्या नावापुढे असे. "डॉक्टर, तुमचे कन्व्हर्जन कमी पडते आहे," हे वाक्य मी तीन वेळा ऐकले. तापाच्या एका रुग्णाला भरती करावे की गोळ्या देऊन घरी पाठवावे, एवढा साधा निर्णय घेताना मला त्या तक्त्याची आठवण होऊ लागली, तेव्हा मी हादरलो. माझा निर्णय बदलत नसे, पण विचारांत ती गोष्ट शिरली होती आणि ते मला सहन होत नव्हते.

तरीही ती नोकरी सोडण्याचे खरे कारण वेगळे आहे. एका पावसाळ्यात रात्री साडेबाराला डेंग्यूचा बावीस वर्षांचा मुलगा आला. प्लेटलेट्स फारशा घसरलेल्या नव्हत्या, त्यामुळे नातेवाईक निश्चिंत होते. पण हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, संध्याकाळच्या ४२ वरून ५४ वर गेले होते, म्हणजे रक्त घट्ट होत होते, हातपाय गार पडले होते आणि नाडी बोटाला जेमतेम लागत होती. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपत असताना सलाइन किती वेगाने द्यायचे आणि नेमके कधी थांबवायचे, हे पुस्तकात वाचलेले असले तरी त्या घटकेला कोणा जाणत्याने शेजारी उभे राहावे असे फार वाटते. माझ्या नियुक्तिपत्रात मार्गदर्शक म्हणून ज्यांचे नाव होते त्या वरिष्ठांना मी फोन केला. तो दोनदा वाजून बंद झाला आणि तिसऱ्यांदा उचलल्यावर "सकाळी राउंडला बघू" एवढेच उत्तर मिळाले. मुलगा वाचला, तो त्या रात्रीच्या सिस्टरमुळे. तिने दर पंधरा मिनिटांनी न सांगता ब्लडप्रेशर आणि लघवीचे माप घेऊन माझ्यापुढे ठेवले. चौदा महिन्यांनी मी राजीनामा दिला, आणि तीन महिन्यांचा नोटीस पिरियड पूर्ण करूनही शेवटचे पैसे हाती यायला पुढचे पाच महिने लागले.

आता दुसरी रात्र सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपायांची आणि श्वासाची शक्ती घालवणाऱ्या आजाराचे, रुग्ण एकामागून एक येऊ लागले. तपासलेल्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जाणारा जंतू सापडला, हे तू वाचले असशीलच. तोवर मी सध्या जिथे आहे त्या, दुसऱ्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात आलो होतो. धायरीच्या एक बाई पायांतली शक्ती गेली म्हणून दुपारी भरती झाल्या. श्वासाचे स्नायू किती थकले आहेत ते कळावे म्हणून त्यांना मी एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. दुपारी त्या "बावीस" पर्यंत गेल्या, रात्री दहाला "पंधरा" वर थांबल्या आणि दोन वाजता "नऊ" म्हणताना त्यांचा आवाज नाकातून येऊ लागला. ऑक्सिजनचे प्रमाण ९७ टक्के दिसत होते, मॉनिटर गप्प होता आणि नवरा विचारत होता की सगळे आकडे चांगले असताना तुम्ही एवढे काळजीत का. मी आमच्या वरिष्ठांना फोन केला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला, वीस मिनिटांत स्वेटर अंगावर चढवून आल्या, बाईंना स्वतः एकदा मोजायला लावले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुझे, आत्ताच श्वासनलिकेत नळी घालू, दम लागण्याची वाट पाहायची नाही." मग पहाटेपर्यंत त्या माझ्याजवळ बसून राहिल्या आणि नवऱ्याला व्हेंटिलेटर म्हणजे काय ते त्याच्या भाषेत समजावून सांगितले. पाच आठवड्यांनी त्या बाई वॉकर घेऊन घरी गेल्या. माझा निर्णय बरोबर होता हे कोणीतरी त्या क्षणी तपासून सांगितले, म्हणून पुढच्या रुग्णाच्या वेळी माझा हात थरथरला नाही.

म्हणून तिन्ही ठिकाणांना मी एकच प्रश्न लावून पाहतो, की रात्री दोन वाजता तू फोन केलास तर कोण येणार?

चाकणच्या चाळीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये कोणीच येणार नाही, कारण तिथे फिजिशियन तू एकटाच असशील. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण तिन्हींत तोच प्रस्ताव मला सर्वांत मोहाचा वाटला. एमआयडीसीतले अपघात, खेड तालुक्यातून येणारी कीटकनाशकांची विषबाधा, पावसाळ्यातले सर्पदंश, पस्तिशीतल्या कामगारांचे हार्ट अटॅक हे सगळे तिथे वर्षभरात तुझ्या हाताखालून जाईल. परंतु अटॅकच्या रुग्णाला रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन देऊन अँजिओप्लास्टीसाठी भोसरीकडे पाठवायचे म्हटले, तर मोशीच्या कोंडीत अँब्युलन्स किती वेळ अडकेल हे तुझ्या हाती नाही. चोवीस तासांचा कॉल आणि महिन्याला दोन रविवार सुट्टी, असे त्यांनी लिहिले आहे. तुझ्या सुट्टीच्या दिवशी आयसीयू कोण पाहणार ते लिहिलेले नाही. "दोन वर्षांनी भागीदारी देऊ" हे तर तोंडी बोलणे आहे. मालक डॉक्टर सज्जन आहेत, ते शब्द फिरवतील असे मी म्हणत नाही, पण भागीदारी किती टक्के आणि कोणत्या किमतीला, हे आज ठरले नाही तर दोन वर्षांनी ठरवताना संबंध बिघडतात. पाच वर्षांनी, हात पक्का बसल्यावर, तू जरूर चाकणला जा.

राहिले पेठेतले ट्रस्टचे रुग्णालय. माझे मत तिथे जा असे आहे. वर्षाचा आकडा पाहून तू नाराज झाला आहेस, आणि त्यातही मूळ वेतनाच्या १२ टक्के प्रॉव्हिडंट फंड दोन्ही बाजूंनी धरला असल्यामुळे हातात येणारी रक्कम आणखी कमी दिसेल, हे मान्य आहे. पण तिथे वीस वर्षांहून अधिक काळ त्याच वॉर्डात राउंड घेणारे फिजिशियन आहेत आणि डीएनबीचे, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारे, विद्यार्थी आहेत. विद्यार्थी असले की शिकवावे लागते आणि दुसऱ्या दिवशी कोणी "का" म्हणून विचारील या धाकाने आपणही वाचत राहतो. आणखी एक गोष्ट तुझ्या स्वभावाला धरून आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. मंचरला पैशांअभावी अर्धवट उपचार घेऊन घरी गेलेल्या ज्या रुग्णांविषयी तू मला लिहीत होतास, त्यांच्यासारख्यांना इथे शेवटपर्यंत पाहता येईल. त्या खाटा खरोखर भरल्या जातात का, हे मात्र तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना विचार.

कराराचे थोडे. नगर रस्त्यावाल्यांनी नोकरी सोडल्यावर एक वर्ष पाच किलोमीटरच्या परिसरात प्रॅक्टिस करायची नाही, अशी अट घातली आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी संपल्यानंतरचे असे बंधन सहसा टिकत नाही. पण कायदा आपल्या बाजूला असला तरी अडकलेल्या पैशांसाठी खेटे घालावेच लागतात, हे मी भोगले आहे. ट्रस्टच्या करारातली, नोकरीत असताना बाहेर ओपीडी करायची नाही, ही अट मात्र बंधनकारक आहे. संध्याकाळी दोन तास घराजवळ बसायचे तुझ्या मनात असेल तर आत्ताच त्यांच्याशी बोलून ते करारात घालून घे.

तिन्ही ठिकाणी "इंडेम्निटी रुग्णालयाची" असे लिहिले आहे, म्हणजे उपचारांतल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा विमा रुग्णालयाचा, पण त्यावर विसंबू नकोस. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, आणि तक्रार करायला रुग्णाला दोन वर्षांची मुदत असते. ही पॉलिसी साधारणपणे दावा येईल त्या वेळी चालू असावी लागते. तू नोकरी सोडलीस आणि नंतर जुन्या रुग्णाची नोटीस आली, तर रुग्णालयाच्या पॉलिसीत तुझे नाव नसेल. म्हणून रुजू होण्याच्या दिवसापासून स्वतःच्या नावाची पॉलिसी घे आणि ती एक दिवसही खंडित होऊ देऊ नकोस. एमडीची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये झाली नसेल तर ती आधी कर.

ट्रस्टने उत्तरासाठी सोमवारपर्यंतची मुदत दिली आहे, ती आठवडाभर वाढवून माग. खऱ्या गरजेने माणूस घेणारे लोक आठवडा थांबतात. त्या आठवड्यात एका रात्री दहानंतर तिथे जा. कॅज्युअल्टीच्या बाहेरच्या बाकावर तासभर बस. रात्रपाळीच्या सिस्टरना आणि वॉर्डातल्या मामांना विचार, की मोठ्या डॉक्टरांना रात्री बोलावले तर ते येतात का, आणि यायला किती वेळ लागतो. ते तुला जे सांगतील ते कोणत्याही ऑफर लेटरमध्ये सापडणार नाही. येत्या शनिवारी रात्री मला ड्यूटी नाही. तू साडेनऊला माझ्याकडे जेवायला ये, मग आपण दोघे मिळून जाऊ.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
हॉस्टेलमधला रूम पार्टनर