खुब्याची कळ ऑपरेशनआधीच थांबवा

महोदय,
खुबा मोडलेल्या आजी ऑपरेशननंतर रात्री सलाइन उपसतात, मुलाला ओळखत नाहीत. घरचे म्हणतात, वात झाला. आधी दोन दिवस सोसलेली कळ आणि उडालेली झोप हे त्याचे एक मोठे कारण. दाखल होताच सोनोग्राफीत पाहून जांघेत फॅशिया इलियाका ब्लॉक, म्हणजे फॅशिया इलियाका या स्नायूवरच्या पडद्याखाली नसा बधिर करणारे इंजेक्शन द्यावे: ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध ०.२५ टक्के, ३० मिली, पण वजनाच्या किलोला २ मिलिग्रॅमच्या आतच. औषध या पडद्याच्या वर राहिले तर ब्लॉक लागत नाही. लागला की अर्ध्या तासात बेडपॅन सरकवताना किंकाळी येत नाही. सोबत पॅरासिटामॉल ठरल्या वेळी, दुखेल तेव्हा नव्हे. पेथिडीन (अफूच्या जातीचे वेदनाशामक), फेनर्गन (गुंगी आणणारे औषध) नकोच. थकलेल्या मेंदूला ती भ्रमात ढकलतात. आणि चष्मा, श्रवणयंत्र कृपया घरी पाठवू नका; दिसले-ऐकू आले नाही की भ्रम वाढतो.

– एक भूलतज्ज्ञ