रुग्ण-सहायकाच्या कोर्सला पैसे भरण्याआधी

मैत्रिणींनो, गटातल्या बऱ्याच जणी या कोर्सबद्दल विचारताहेत, म्हणून एकदाच लिहिते. ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ असल्या जाहिरातींना भुलू नका. जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्ण-सहायकाचा, कोर्स काही महिन्यांचा असतो. त्यात रुग्णाला अंग पुसून देणं, कूस बदलणं, बेडपॅन, ताप-नाडीची नोंद हे शिकवतात. कंबरेवर ताण येणारं काम आहे, आधीच सांगते. इंजेक्शन-सलाइन मात्र सहायकाचं काम नाही. कुणी सांगितलं तरी हात लावू नका.

नर्सच व्हायचं असेल तर बारावीनंतर एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) हा कोर्स 2 वर्षं किंवा जीएनएम (जनरल नर्सिंग-मिडवाइफरी) 3 वर्षं, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी.

प्रत्यक्ष वॉर्डात किती दिवस शिकवणार, ते लेखी मागा. पावती घ्या. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नका. हेपॅटायटिस बीची लस राहिली असेल तर आताच घ्या.