गुरुजी, आपण आम्हाला बोलते केले

आदरणीय गुरुजी,

साष्टांग नमस्कार.

तापी-गिरणेच्या काठच्या आम्हा कुंभारांची एकमेकांशी ओळख नव्हती असे नाही. लग्नात आणि दहाव्याला आमची भेट होतच असे आणि आठवडे बाजारात तर पाले शेजारी-शेजारी लागत. परंतु शेजाऱ्याने घागरीचा भाव उतरवला की आपण त्याहून खाली उतरायचे आणि माती कुठली, तिच्यात लीद किती, राख किती, असे कोणी विचारले की हसून विषय बदलायचा, एवढाच तो संबंध होता. सेवानिवृत्तीनंतर आपण आमच्या ओट्यांवर येऊन बसू लागलात, तेव्हा आम्ही सवयीप्रमाणे योजनांचे कागद पुढे केले. आपण ते बाजूला ठेवून विचारले, "तुम्हाला पहिला आवा कोणी लावू दिला?"

आवा म्हणजे आमची भांडी भाजायची भट्टी. या एका प्रश्नावर आमच्याकडील म्हातारी माणसे रात्री उशिरापर्यंत बोलत राहिली. (समाजाच्या मेळाव्यात सत्कार आणि हारतुऱ्यांतच दुपार सरते, हेही येथे सांगून टाकतो.) आपण सारे अहिराणीतच लिहून घेतले आणि कोणाचे वाक्य सुधारले नाही, म्हणून माणसे बिचकली नाहीत.

त्यांतील एका बैठकीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पलीकडच्या गावच्या एका ताईंनी सांगितले की, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर विकलेल्या त्यांच्या घागरी काही दिवसांतच जागोजागी कपच्या उडून परत आल्या आणि गिऱ्हाइकांचे बोल ऐकताना आपल्या हातातच खोट आहे असे त्यांना वाटत राहिले. त्यावर कोपऱ्यातल्या एक आजी, ज्या तोवर कधी बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या की खोट हाताची नव्हे, चुनखडीची आहे. आपल्याकडच्या मातीत तिचे बारीक खडे असतात. आव्यात भाजून त्यांचा चुना होतो आणि पुढे तो ओल पिऊन फुगला की भांड्याची कपची उडते. माती पाण्यात कालवून, जुन्या लुगड्यातून गाळून, निवळल्यावर वरचे पाणी काढून सुकवायची, ही त्यांच्या सासऱ्यांची रीत त्यांनी सर्वांसमक्ष सांगितली. घरची रीत परक्याला सांगायची नाही हा आमच्यातला जुना दंडक त्या रात्री मोडला, आणि तो मोडायला कोणाचे भाषण लागले नाही. एकीने आपले दुःख सांगितले, एवढे पुरले.

बायकांच्या गोष्टींनी घरातही फरक पडला. चाकावर पुरुष बसतो म्हणून कुंभार तोच, असे धरून चालायची आमची पद्धत; पण आत गुंडा (गोल दगड) धरून बाहेरून थापीने घागरीचा घेर वाढवणे, गेरू देणे आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार विकणे ही कामे कोणाची, हे आम्ही प्रथमच कान देऊन ऐकले. २०२३ मध्ये कारागिरांसाठी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेचा लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो. पुढे तो अर्ज कोणाच्या नावाने करायचा याची चर्चा निघाली, तेव्हा काही घरांनी बाईचे नाव घातले. सर्वच घरांनी घातले असे मात्र लिहिणार नाही.

सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या रंगीत भांड्यांना आपल्याच तापीकाठच्या सावळदा गावाचे नाव आहे, हे आपण सांगितले तेव्हा तरुण मुले प्रथमच मोबाइल खाली ठेवून बसली. त्यांतले कितीजण चाकावर बसतील ते सांगवत नाही. भुसावळ-जळगावकडे कामाला जाणाऱ्यांना आम्ही तरी कशाच्या बळावर थांबवावे? परंतु गेल्या उन्हाळ्यात अवकाळी पावसाने एकाचा भरलेला आवा भिजला, तेव्हा त्याची आखाजीची मागणी तिघांनी आपापल्या घागरी देऊन भागवली. पूर्वी असे घडते, तर तेच गिऱ्हाईक फोडायला आम्ही धावलो असतो.

या सर्वांबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. आपली वही आमच्याकडे जपून आहे, आणि गिरणेकाठच्या दोन आज्यांचे सांगणे अजून लिहून घ्यायचे राहिले आहे. काकूंनी पुरणाच्या मांड्यांसाठी सांगितलेले खापरही भाजून तयार आहे. ते एसटीने पाठवले तर वाटेत फुटेल, तेव्हा ते नेण्यासाठी तरी आपण उभयतांनी यावे.

आपला नम्र,
तापीकाठचा एक कुंभार